ट्यूडर धर्मकलह आणि ‘क्रिस्तपुराणा’ची भाषा

ट्यूडर घराण्यातील सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीत, १५४९ साली, इंग्लंडमधील उपासना लॅटिनऐवजी इंग्रजीत आली. त्याच सुमारास जन्मलेला थॉमस स्टीफन्स मात्र रोमनिष्ठ राहिला. एलिझाबेथच्या काळात मायदेश सोडून तो जेझुइट झाला व १५७९ मध्ये गोव्यास पोचला. त्याचे ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. या भाषानिवडीचे श्रेय केवळ त्याच्या मराठीप्रेमास देणे अपुरे होय. जुनी पुराणे वर्ज्य झाल्याने त्यांच्या जागी नवे पुराण द्यावे, अशी मागणी नवख्रिस्ती श्रोता करतो, असे ग्रंथारंभीच सांगितले आहे. समीक्षकांनी या प्रसंगाकडे केवळ काव्यसंकेत म्हणून पाहू नये. इंग्लंडात उपासनेची भाषा राजाज्ञेने पालटली. ‘क्रिस्तपुराणा’ची भाषा मात्र श्रोत्यांच्या जुन्या श्रवणपरंपरेने ठरविली, असे आम्हांस वाटते.