पाट्यांत नसलेली दोन माणसं

सिनेमा दिग्दर्शकाचा, असं समीक्षक सांगत आले. आपणही माना डोलावल्या. डॅनिएल रेमचा ‘हॅरॉल्ड अँड लिलियन’ (२०१५) हा माहितीपट पाहा, मित्रांनो. ही थाप आपण किती वर्षं पचवली ते कळेल.

हॅरॉल्ड आणि लिलियन मायकेलसन. हॉलीवूडच्या पडद्यामागं राबलेलं नवराबायकोचं जोडपं. तो दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानात होता. ती अनाथाश्रमांत वाढलेली. लग्न १९४७ सालचं.

तो स्टोरीबोर्ड काढायचा. म्हणजे शूटिंगच्या आधी एकेक शॉट कागदावर. सेटचा नकाशा समोर, कॅमेऱ्याला भिंग कोणतं लावणार याचा हिशेब डोक्यात, आणि कॅमेऱ्याला जे दिसणार नेमकं तेच चित्र हातातून उतरणार. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मागं (१९६३) हा हात आहे. ‘द ग्रॅज्युएट’मध्ये (१९६७) मिसेस रॉबिन्सनच्या दुमडलेल्या पायाखालून तो बावरलेला पोरगा दिसतो. शॉट जगभर गाजला, नावाजला गेला दिग्दर्शक माइक निकोल्स. तो शॉट आधी हॅरॉल्डच्या कागदावर होता.

लिलियनचं काम त्याहून आत दडलेलं. १९६१ साली ती गोल्डविन स्टुडिओच्या संशोधन ग्रंथालयात बिनपगारी कामाला लागली. पुढं ते ग्रंथालय विकायला निघालं तेव्हा नवऱ्याच्या आयुर्विम्यावर कर्ज काढून तिनं ते घेतलं. कुठल्या काळात दार कसं, टोपी कशी, तुरुंग कसा. सिनेमावाले विचारणार, ही शोधून देणार.

‘फिडलर ऑन द रूफ’च्या (१९७१) वेळी सवाल आला : झारच्या रशियातल्या गरीब ज्यू पोरी आतून काय घालायच्या? पुस्तकांत काही सापडेना. सापडणार कसं? राणीचा झगा पुस्तकात जातो. गरीब बाईची चड्डी कोण लिहून ठेवणार? लिलियन उठली, लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स या ज्यू वस्तीत गेली, म्हाताऱ्यांशेजारी बाकावर बसली नि त्यांनाच विचारलं. उत्तर मिळालं. मला या चित्रपटातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. ज्ञान त्या बाकावर कधीचं बसलेलं होतं. जाऊन विचारणारं कुणी हवं होतं.

आता माझं भांडण. रेमनं याला हॉलीवूडची प्रेमकथा म्हटलंय. प्रेम होतंच, २००७ साली हॅरॉल्ड गेला तोवर साठ वर्षं टिकलेलं. पण प्रेमाच्या साखरेत मजुरीचा सवाल विरघळून जातो. नाव का दिलं नाही? कुणी दिलं नाही? इथं चित्रपट गोड हसून पुढं सरकतो. वर कोपोला, मेल ब्रुक्स अशी बडी माणसं येऊन यांची थोरवी सांगतात. म्हणजे राबणाऱ्या हाताला दाखला पुन्हा नाववाल्यांचाच! हॅरॉल्डला पुढं कलाविभागासाठी दोनदा ऑस्करचं नामांकन मिळालं, हे खरं. पण दोघांची नावं जोडीनं पडद्यावर गाजली ती ‘श्रेक २’मध्ये (२००४), कार्टूनमधल्या राजाराणीला दिलेली. आणि तो राजा शेवटी बेडूक निघतो.

तरी हा चित्रपट पाहाच, कारण लिलियन त्यात स्वतःच्या तोंडानं बोलते. तुमच्यातले कितीतरी उद्या सिनेमावर, नाटकावर लिहितील. त्यांना एवढंच सांगणं : पाट्या संपेपर्यंत खुर्ची सोडू नका. आणि पाट्यांत जो नाही त्याचा पत्ता काढा. लिलियननं काढला तसा, जाऊन, शेजारी बसून.