‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ : अंत्यसंस्काराच्या व्यापाराची चिकित्सा आणि तिची मर्यादा

जेसिका मिटफोर्ड यांचा ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ हा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. शोकाकुल ग्राहक घासाघीस करीत नाही, त्याला अन्यत्र चौकशी करण्यास अवधीही नसतो. या असहायतेवरच अमेरिकेतील अंत्यसंस्कार-व्यवसाय नफा कमावतो, हे ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन होय. शवपेटीची विक्री व एम्बामिंग यांचे उपरोधपूर्ण वर्णन हे त्याचे बलस्थान आहे. १९८४ मध्ये अमलात आलेल्या केंद्रीय नियमाने प्रत्येक सेवेची स्वतंत्र किंमत सांगणे बंधनकारक केले. त्यामागे या ग्रंथाने घडविलेल्या लोकमताचाही वाटा होता.

तथापि लेखिकेची दृष्टी प्रामुख्याने किमतीवर स्थिरावते. साधे, अल्पखर्चिक दहन हा तिने पुरस्कारिलेल्या पर्यायांपैकी एक. मात्र २००२ मध्ये जॉर्जिया राज्यातील नोबल येथे, तपासणीच्या कक्षेबाहेर राहिलेल्या एका दहनगृहाच्या आवारात, दहन न केलेले ३३४ मृतदेह आढळले. काही कुटुंबांना अस्थींऐवजी सिमेंटची भुकटी देण्यात आली होती. येथे फसवणूक दराची नव्हे, विश्वासाची होती. आप्तांच्या दृष्टीआड होणाऱ्या संस्काराला केवळ दरपत्रकाचे संरक्षण पुरत नाही. त्यासाठी परवाना व नियमित तपासणी अपरिहार्य ठरते.