मुठीतला न्याय : सुपरमॅनच्या पहिल्या चित्रकथांचे पुनर्वाचन

धर्मगुरूने चित्रकथांवर लेखणी चालवावी, हे काही वाचकांस रुचणार नाही. त्यांची आम्ही आधीच क्षमा मागतो. परंतु आमच्या पिढीतील कितीतरी मुलांना वाचनाची गोडी लागली ती ह्याच रंगीत पानांमुळे, हे नाकारण्यात अर्थ नाही. फँटम आणि मँड्रेक हे इंद्रजाल कॉमिक्समुळे घरचेच झाले होते. सुपरमॅन मात्र मुंबईच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगातून, फाटक्या मुखपृष्ठानिशी यायचा. इंग्रजी अर्धवट समजायचे, पण चित्रे पुरेशी होती. हा आमचा बालपणीचा सर्वांत आवडता नायक. सेमिनरीत दाखल झालो तेव्हा ती पुस्तके धाकट्या भावंडांत वाटून टाकली आणि त्या नायकास आम्ही विसरलो.

गेल्या वर्षी पुतण्याने परदेशातून येताना त्या नायकाच्या अगदी सुरुवातीच्या कथांचे संग्रह आणून दिले. पावसाळ्याच्या संध्याकाळी, तरुणांची सभा वा प्रार्थना नसेल तेव्हा, आम्ही ते पहिल्या पानापासून क्रमाने वाचले. जुन्या मित्राची भेट होईल अशी आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षात भेटला तो एक अनोळखी आणि बराचसा रागीट तरुण.

ही कथा 1938 सालची. जेरी सीगल हा लेखक आणि जो शूस्टर हा चित्रकार, दोघेही 1914 साली जन्मलेले, ज्यू स्थलांतरितांचे पुत्र. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी एकाच शाळेत त्यांची मैत्री जमली. ते दिवस महामंदीचे होते. 1932 साली सीगलच्या वडिलांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगी वडिलांचा अंत झाला. ज्याच्यावर गोळीचा परिणाम होत नाही असा नायक ह्या मुलाला का सुचला असावा, ह्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही तो धागा ताणू इच्छीत नाही, पण तो दृष्टीआड करणेही कठीण आहे.

‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून 1938 च्या पहिल्या अंकात सुपरमॅनची कथा अवघ्या तेरा पानांची आहे. हा सुपरमॅन उडत नाही, तो उंच उड्या मारतो. तेजस्वी हिरव्या दगडाने तो दुर्बल होत नाही, कारण तो दगड अद्याप कोणाला सुचलेलाच नाही. कपटी शास्त्रज्ञ लूथरही नाही, तो 1940 साली अवतरणार आहे. ह्या तेरा पानांत नायकाची झुंज कोणाशी आहे? एका निरपराध स्त्रीस फाशी होणार असते; ती थांबविण्यासाठी तो राज्यपालाच्या घराचे दार फोडून आत शिरतो. पुढे बायकोला मारहाण करणाऱ्या एका नवऱ्याला तो भिंतीवर आदळतो. शेवटी राजधानीत जाऊन, एका सिनेटरला मुठीत ठेवणाऱ्या दलालास तो विजेच्या तारांवरून धावत नेऊन भयभीत करून सोडतो.

दुसऱ्या अंकात शस्त्रास्त्रांचा एक कारखानदार आहे. दोन सैन्ये लढत राहिली की त्याचा माल खपतो. सुपरमॅन त्याला पकडून साधा सैनिक म्हणून त्याच युद्धात भरती व्हायला लावतो. स्वतःच्याच बाँबगोळ्यांचा वर्षाव डोक्यावर होऊ लागताच कारखानदार गयावया करतो आणि तो धंदा सोडण्याचे वचन देतो. मग सुपरमॅन दोन्ही सेनापतींना समोरासमोर उभे करून परस्परांशी लढायला सांगतो. आपले एकमेकांशी वैरच नाही, हे त्यांना तेव्हा उमगते.

तिसऱ्या अंकातील कथा आम्हांस सर्वांत सरस वाटली. कोळशाच्या खाणीत दरड कोसळून एक कामगार कायमचा जायबंदी होतो. मालक हात झटकतो. सुपरमॅन येथे आपला प्रसिद्ध पोशाख जवळजवळ बाजूलाच ठेवतो आणि खाणकामगाराच्या वेषात मालकाच्या घरच्या मेजवानीत शिरतो. पाहुण्यांना गंमत म्हणून खाणीत उतरण्याची हौस येते. आत गेल्यावर तो आधाराचे खांब ढासळवून वाट बंद करतो. धोक्याची घंटा वाजविली जाते, पण ती नादुरुस्त आहे. मालकाने ती कधी दुरुस्तच केलेली नाही. रेशमी कपड्यांतील ती मंडळी फावडे हाती घेऊन, घामाघूम होऊन, कामगाराचा दिवस कसा असतो ते शिकतात.

पुढेही हाच क्रम दिसतो. जानेवारी 1939 च्या अंकात गलिच्छ वस्तीतील मुले गुन्हेगारीकडे वळतात, त्यास ती वस्तीच कारण आहे, असे ठरवून सुपरमॅन ती जुनी घरे जमीनदोस्त करतो, म्हणजे सरकारला नवी घरे बांधणे भाग पडेल. मे 1939 मध्ये बेफाम मोटारी हाकणाऱ्यांविरुद्ध तो युद्ध पुकारतो आणि वाहतुकीच्या नियमांकडे डोळेझाक करणाऱ्या महापौराला शवागारात नेऊन अपघातांतील मृतदेह दाखवितो.

ह्या सर्व कथा एकापाठोपाठ वाचल्यावर एक गोष्ट ध्यानी येते. सुपरमॅनचे खरे सामर्थ्य त्याच्या दंडात नाही. जो दुसऱ्यावर अन्याय करतो त्याला अन्यायग्रस्ताच्या जागी नेऊन उभे करणे, ही त्याची पद्धत आहे. बायबलच्या वाचकास येथे संदेष्टा नाथान आठवावा. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट त्याने दावीद राजास सांगितली, राजा संतापला, आणि मग त्याला कळले की तो श्रीमंत म्हणजे आपणच. नाथानाने हे एका गोष्टीने साधले. सुपरमॅन मानगुटीला धरून साधतो. दोघांमधील हे अंतर लहान नाही.

चित्रांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. शूस्टरचे रेखाटन ओबडधोबड आहे. माणसांचे डोळे म्हणजे दोन बारीक रेघा, पार्श्वभूमी अनेकदा नाहीच. परंतु त्या चित्रांत वेग आहे. उत्तरकालीन देखण्या चित्रांत नायक फोटोसाठी उभा राहिल्यासारखा वाटतो. येथे तो सतत कोठेतरी निघालेला आहे. कथेची घाई आणि रेषेची घाई एकच आहे, आणि म्हणून दोष असूनही पाने जिवंत राहतात.

सुपरमॅन हे ख्रिस्ताचे प्रतिरूप आहे, असे म्हणण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे, विशेषतः चित्रपटांमुळे. ह्या पहिल्या कथा वाचल्यावर आम्हांस ते पटत नाही. दूर पाठविलेले बाळ पाहून आठवावा तो लव्हाळ्यांतील मोशे. शिवाय येथे क्लार्क केंट हा भित्रा वार्ताहर म्हणजे निव्वळ सोंग आहे. नृत्यगृहात एक गुंड लोईसचा अपमान करतो तेव्हा क्लार्क मान खाली घालतो, आणि तो मनातून हसत आहे हे वाचकास ठाऊक असते. प्रभू येशूची दुर्बलता हे सोंग नव्हते. त्याचे मानवी शरीर केवळ आभास होता, असे म्हणणाऱ्या पाखंडास ख्रिस्तसभेने आरंभापासून विरोध केला. ज्याला खिळ्यांची वेदनाच होत नाही, तो आमचे दुःख वाहू शकत नाही.

त्या काळातील कॅथलिक विचारवंतांनी ह्या नायकाकडे संशयाने पाहिले. ज्या वर्षी सुपरमॅन जन्मला त्याच 1938 साली अमेरिकेतील महागुरूंनी सभ्य साहित्यासाठी एक संघटना उभारली आणि पुढे तिची नजर चित्रकथांवरही गेली. 1945 साली येशूसंघाचे वॉल्टर ऑंग ह्यांनी अशा महामानवाच्या पूजेत हुकूमशाही राज्यसत्तेची छाया पाहिली. युरोप नुकताच एका बलवंताच्या मागे धावून भस्मसात झाला होता, तेव्हा ती भीती निराधार म्हणता येणार नाही. मात्र नाझींच्या एका मुखपत्राने एप्रिल 1940 मध्ये ह्याच सुपरमॅनवर आणि त्याच्या ज्यू निर्मात्यावर विखारी टीका केली होती, हेही नोंदविले पाहिजे. आमच्या वडीलधाऱ्यांनी नायकाची मूठ अचूक पाहिली. ती कोणासाठी वळली होती, ते पाहायचे राहून गेले, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

कारण मूठ तर पुढे सौम्य झाली. नायकाने कोणाचा जीव घेऊ नये, असा दंडक 1940 च्या सुमारास संपादकांनी घालून दिला आणि तो योग्यच होता. परंतु त्याबरोबर खाणमालक, दलाल, शस्त्रांचा व्यापारी हेही पानांवरून नाहीसे होत गेले. त्यांच्या जागी वेडे शास्त्रज्ञ आणि बँका लुटणारे आले. 1946 साली रेडिओवरील मालिकेने वंशद्वेष्ट्या बुरखेधारी टोळीवर कोरडे ओढले, असे अपवाद आहेतच. तरी एकंदरीत नायक सभ्य झाला आणि अन्यायाचे नाव घेईनासा झाला. त्याच्या निर्मात्यांचे नशीब तर अधिकच बोलके आहे. 1938 साली 130 डॉलरमध्ये त्यांनी सारे हक्क विकले. कोट्यवधींची कमाई दुसऱ्यांची झाली. न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून, म्हातारपण येऊ लागल्यावर, 1975 साली त्यांना प्रत्येकी वार्षिक 20,000 डॉलरचे निवृत्तिवेतन आणि कथेवर आपली नावे मिळाली. पीडितांच्या कैवाऱ्याला आपल्या जन्मदात्यांचा कैवार घेता आला नाही.

मग ह्या पहिल्या कथांचे मोल काय? बळाने मनुष्याचे परिवर्तन होते का? सेमिनरीत आम्हांस शिकविले गेले की परिपूर्ण पश्चात्ताप देवाच्या प्रेमातून उपजतो आणि अपूर्ण पश्चात्ताप शिक्षेच्या भयातून. सुपरमॅनला मिळतो तो केवळ भयाचा पश्चात्ताप. दलाल तारांवरून खाली उतरला की पुन्हा दलालच होईल, ही शंका लेखकाला नसली तरी वाचकाला येते. तथापि त्रेन्तच्या धर्मपरिषदेने अपूर्ण पश्चात्तापासही देवाचे देणे म्हटले आहे, तुच्छ लेखलेले नाही. तो प्रारंभ आहे. आणि तिसऱ्या अंकातील खाणमालक केवळ भ्यालेला नाही. त्याने फावडे उचलले आहे, त्याच्या हाताला फोड आले आहेत. म्हणून त्याचे वचन आम्हांस खरे वाटते, आणि म्हणूनच ती कथा श्रेष्ठ ठरते.

शेवटी एक कबुली. पहिल्या अंकातील त्या मारकुट्या नवऱ्याच्या पानावर आम्ही फार वेळ थांबलो. बालपणी त्या पानावर टाळ्या पिटल्या असत्या. आता मात्र पुष्कळ वर्षांपूर्वीची एक भगिनी आठवली. डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढून ती आमच्या कचेरीत आली होती. आम्ही तिला सहनशीलतेवर चार शब्द सांगितले, तिच्यासाठी प्रार्थना केली आणि घरी पाठविले. तिच्या नवऱ्यास बोलावून घेतले नाही. त्याच्या दारीही गेलो नाही. तो रविवारी दुसऱ्या रांगेत बसत असे.

दोन फाटक्या खिशांच्या तरुणांनी आपल्या नायकाला पहिल्याच दिवशी त्या नवऱ्याच्या दारात पाठविले होते. त्याने तेथे जे केले ते आम्हांस करता येणार नाही आणि करूही नये. पण तो तेथे गेला होता. पालकांनी ह्या जुन्या कथा मुलांबरोबर बसून वाचाव्यात आणि मूठ कोठे चुकते हे त्यांना अवश्य समजावून सांगावे. मात्र ते सांगण्यापूर्वी त्या दारापर्यंत आपण स्वतः कधी गेलो होतो का, हा प्रश्न मुले विचारतील, त्याची तयारी ठेवावी. आम्हांस तो कोणी विचारला नाही. तरीही त्या संध्याकाळी पुस्तक मिटल्यावर त्याचे उत्तर आम्हांस द्यावे लागले.