साउथफोर्कचा थोरला

'डॅलस'ची ओळख तेलसम्राटांची मालिका अशीच करून दिली जाते. मला ती भाऊबंदकीची मालिका वाटते, आणि तिच्यावरचा माझा जीव त्यासाठीच आहे. टेक्सासमधल्या यूइंग घराण्याकडे पैसा अमाप. मुलांना वेगळे बंगले सहज बांधता आले असते. तरी जॉक आणि मिस एली हे म्हातारा-म्हातारी, लग्न झालेले मुलगे, सुना आणि नात असे सगळे साउथफोर्कच्या एकाच छपराखाली राहतात. जेवणाआधी दिवाणखान्यात जमतात. थोरला जे.आर. स्वतःचा पेला भरून घेतो, गोड आवाजात एकेकाची विचारपूस करतो आणि बोलता बोलता असं काही बोलून जातो की धाकट्या बॉबीचा चेहरा उतरतो. आवाज कुणाचाच चढलेला नसतो. त्या दिवाणखान्यातली दोन-चार मिनिटं मला तेलविहिरींच्या सगळ्या उलाढालींपेक्षा प्यारी आहेत.

डेव्हिड जेकब्जनं निर्माण केलेली ही मालिका सीबीएस वाहिनीवर २ एप्रिल १९७८ रोजी सुरू झाली, तीही अवघ्या पाच भागांची म्हणून. पहिल्याच भागात बॉबी लग्न करून पॅमला घरी आणतो, आणि सून निघते बार्न्सांची, म्हणजे हाडवैऱ्याची लेक. तिचा बाप डिगर आणि जॉक एकेकाळचे भागीदार. जॉकनं आपला तेलातला वाटा लाटला आणि एलीलाही आपल्यापासून तोडलं, हे डिगरचं जन्मभराचं दुखणं. पण खरी मेख जमिनीत आहे. साउथफोर्क हे एलीचं माहेर, तिच्या वडिलांची गुरांची वाडी. कंपनी बापाची आणि घर आईचं! या मांडणीवर मालिका १९९१पर्यंत, ३५७ भाग उभी राहिली.

जे.आर. म्हणजे जॉन रॉस यूइंग ज्युनियर. बापाचं नाव त्याला मिळालं, माया मात्र बॉबीच्या वाट्याला गेली. लॅरी हॅगमननं या माणसाचं कपट मनापासून मजा घेत रंगवलं. फोन ठेवताना ओठांच्या कोपऱ्यात उमटणारं हसू, स्टेटसन टोपी डोक्यावर बसवायची ऐट, समोरच्याला फसवताना डोळ्यांत येणारी चमक, हे सगळं पुन्हा पुन्हा पाहावं असं. मात्र जॉक खोलीत आला की हाच माणूस निराळा होतो. 'डॅडी' म्हणताना त्याचा आवाज शाबासकीची वाट पाहणाऱ्या पोरासारखा येतो. एवढ्या एका स्वरासाठी मी त्याला बरंच काही माफ करते.

२१ मार्च १९८०चा भाग तर पटकथेचा वस्तुपाठच आहे. जे.आर.नं आईचं साउथफोर्क गुपचूप गहाण टाकून आशियातल्या तेलविहिरींत पैसा घातलेला. त्या विहिरी सरकारजमा होणार याची कुणकुण लागताच तो त्या मित्रांच्याच गळ्यात मारतो. मग मित्र, बँकवाला, मेहुणी, बायको, भाऊ अशा एकेकाला पटकथा त्याच्याविरुद्ध उभं करत जाते. शेवटी रात्री ऑफिसात जे.आर. एकटा. बाहेर चाहूल लागते, तो दाराशी येतो, आणि दोन गोळ्या! मारेकरी दिसतच नाही. हॉलिवूडच्या कलावंतांच्या संपामुळे उत्तर लांबलं, ते २१ नोव्हेंबरला मिळालं. एकट्या अमेरिकेत तो भाग आठ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. गोळी झाडणारी मेहुणी क्रिस्टिन होती हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्या भागाची धार जात नाही, कारण 'कोणी' यापेक्षा 'कोण नाही' हा प्रश्न मोठा झालेला असतो.

जे.आर.च्या बायकोबद्दल, सू एलनबद्दल, बोलायलाच हवं. सुरुवातीला लिंडा ग्रेच्या वाट्याला जेमतेम संवाद होते. तिनं नजरेवर काम काढलं. अपमान गिळणारे, पाणावलेले, मधूनच पेटणारे ते डोळे पाहून लेखकांना तिच्यासाठी लिहावंच लागलं असणार, असं मला वाटतं. लेखकांनी बॉबीला मारून, १९८६मध्ये न्हाणीघरातून पुन्हा जिवंत बाहेर काढून सबंध वर्षाला पॅमचं स्वप्न ठरवलं, ते मात्र मला आजही रुचत नाही. वर्षभराचं रडणं-भांडणं त्यांनी एका सकाळीत पुसून टाकलं.

माझ्या मते मालिकेचा कळस त्याआधी, १९८२-८३च्या हंगामात आहे. जॉकची भूमिका करणारे जिम डेव्हिस १९८१मध्ये वारले. लेखकांनी दुसरा नट आणला नाही, जॉकलाच कथेत मृत्यू दिला. मग त्याचं मृत्युपत्र निघतं: वर्षभर कंपनी दोघा भावांत निम्मी-निम्मी, जो जास्त कमावेल त्याच्याकडे सूत्रं. बाप गेल्यावरही पोरांना झुंजवतोच आहे. जे.आर. नीतीच्या पार जातो यात नवल नाही. त्याच्या मागोमाग सरळमार्गी बॉबीही धमक्या आणि डावपेचांवर उतरतो, ते पाहणं जास्त जड जातं. अखेर मिस एली कोर्टात जाते. झुंज थांबवायची तर मृत्युपत्र करताना नवरा भानावर नव्हता, असं सिद्ध करावं लागणार असतं. बार्बरा बेल गेडीसचा संयत, जवळजवळ निश्चल चेहरा इथे दोन्हीकडून फाटत जाताना दिसतो, मुलांसाठी आणि नवऱ्यासाठी. निकाल तिच्याविरुद्ध जातो, आणि पोरांची झुंज तिच्याच माहेरच्या घरात पुढे चालू राहते.