वणव्यानंतरची शालेय कला : विद्यार्थिनेतृत्वाच्या संकल्पनेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी भडकलेल्या वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली. तो दिवस 'काळा शनिवार' म्हणून ओळखला जातो. पुढे २०१९-२० च्या उन्हाळ्यातील वणव्यांनी ३३ बळी घेतले आणि तीन हजारांहून अधिक घरे भस्मसात केली. अशा आपत्तींनंतर मुलांना सावरण्यासाठी शाळांतून चित्रे, नाट्य, लघुपट असे उपक्रम हाती घेतले जातात. त्यांना 'विद्यार्थिनेतृत्वाखालील' हे विशेषणही अनेकदा जोडले जाते. या विशेषणात आशय किती आणि शोभा किती, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सहभागाची शिडी

बालहक्क संहितेच्या (१९८९) बाराव्या कलमाने मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा, तर एकतिसाव्या कलमाने कला व सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क दिला आहे. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये बालसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांचा वापर, मुलांची सजावट आणि नाममात्र सहभाग. हार्ट यांच्या मते या तिन्ही पायऱ्यांवर खरा सहभाग नसतोच.

वणव्यानंतरच्या शालेय कलेला दुसऱ्या पायरीचा धोका अधिक संभवतो. जळलेल्या निलगिरीच्या खोडावर फुटणारी हिरवी पालवी हे प्रौढांना दिलासा देणारे चित्र आहे. ते मुलांकडून काढून घेतले आणि प्रदर्शनात मांडले, तर सावरतात ते पाहणारे. मुलांच्या मनातील भीती, राग वा गोंधळ मात्र कागदाबाहेरच राहतो. आशा मुलाला स्वतः सापडावी लागते. ती विषय म्हणून नेमून देता येत नाही.

स्ट्रॅथेवेनचे उदाहरण

स्ट्रॅथेवेन या छोट्या गावातील २७ माणसे काळ्या शनिवारी दगावली. प्राथमिक शाळाही जळून गेली. पुन्हा उभ्या राहिलेल्या या शाळेने काही वर्षांनंतर स्थानिक अग्निशमन स्वयंसेवकांच्या सहकार्याने पाचवी-सहावीच्या मुलांसाठी वणवा-शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. त्यातून 'द डे शी स्टोल द सन' म्हणजे 'तिने सूर्य चोरला तो दिवस' हा मातीच्या आकृत्यांचा सचेतपट साकारला. भरदिवसा धुराने दाटणाऱ्या अंधाराला शीर्षकातच चोरीचे रूपक लाभले आहे. आकड्यांपेक्षा वेगळी, बालमनाला पेलेल अशी ही भाषा आहे.

माध्यमाची निवडही अर्थपूर्ण आहे. अशा पटात पडद्यावरील एका सेकंदासाठी साधारणतः १२ ते २४ छायाचित्रे घ्यावी लागतात. काम संथ असते, एकट्याने होत नाही, आणि मोडलेली आकृती पुन्हा घडवता येते. ज्या संकटापुढे संपूर्ण गाव हतबल झाले, त्याची गती येथे मुलांच्या हाती येते. शिवाय ही मुले २००९ मध्ये अगदी अजाण वयाची होती. त्यांच्यासमोर प्रश्न स्वतःच्या आठवणीपेक्षा घराघरांतून वारशाने आलेल्या दुःखाचा होता. घरात विचारता न येणारे प्रश्न विचारण्याची वाट अशा निर्मितीमुळे मोकळी होऊ शकते.

तथापि हा उपक्रम शुद्ध अर्थाने विद्यार्थिनेतृत्वाचा ठरत नाही. विषय आणि चौकट प्रौढांनी ठरवली. हार्ट यांच्या शिडीवर त्याचे स्थान सहाव्या पायरीवर, म्हणजे प्रौढांनी आरंभ केलेल्या परंतु निर्णयांत मुलांना वाटेकरी करणाऱ्या उपक्रमांत मानावे लागेल. हा दोष नव्हे. प्रामाणिक सहावी पायरी ही दिखाऊ सातव्या पायरीपेक्षा निश्चितच श्रेष्ठ आहे.

कालावधीचा प्रश्न

लिसा गिब्ज व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४,६४२ विद्यार्थ्यांच्या गुणांची तुलना केली आहे. काळ्या शनिवारनंतर दोन ते चार वर्षांनीही, अधिक झळ बसलेल्या शाळांत तिसरी ते पाचवी या टप्प्यातील वाचन व गणितातील अपेक्षित प्रगती कमी आढळली. याचा अर्थ स्पष्ट आहे. आपत्तीची झळ उशिरापर्यंत टिकते. पहिल्या वर्षातच समारंभपूर्वक संपणारा कलाप्रकल्प तिला पुरा पडत नाही. स्ट्रॅथेवेनचे महत्त्व म्हणूनच त्याच्या उशिरा येण्यात आणि शालेय अभ्यासक्रमात रुजण्यातही आहे.

समारोप

कला मुलांना आपोआप सावरत नाही. काय सांगायचे, काय झाकून ठेवायचे, कोणाला दाखवायचे आणि केव्हा थांबायचे, हे ठरवण्याचा अधिकार मुलांना मिळाला तरच तिच्यात सावरण्याचे सामर्थ्य येते. या चार निर्णयांत चित्र न काढण्याचा निर्णयही अंतर्भूत आहे. म्हणून अशा उपक्रमाचे मूल्यमापन प्रदर्शनाच्या भिंतीवरून न करता, त्यातील कोणता निर्णय मुलांमुळे बदलला या कसोटीवर करणे उचित ठरेल. असा एकही निर्णय दाखवता आला नाही, तर 'विद्यार्थिनेतृत्व' हे विशेषण वगळणेच योग्य होय.