थॉमस ॲक्विनास : ग्रंथपद्धति व प्रामाण्य

मध्ययुगीन ख्रिस्ती विचाराचा विषय निघाला म्हणजे थॉमस ॲक्विनास याचें मत तेंच तत्कालीन चर्चचें मत, असें समीकरण मांडण्याचा प्रघात आहे. हें समीकरण कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाहीं, असें आमचें म्हणणें आहे.

चरित्र थोडक्यांत असें. सुमारें १२२५ त दक्षिण इटलींतील रोक्कासेक्का येथील सरदार घराण्यांत जन्म. मॉन्ते कासिनोच्या मठांत व पुढें नेपल्स येथें अध्ययन. १२४४ त घरच्यांच्या इच्छेविरुद्ध डॉमिनिकन भिक्षुसंघांत प्रवेश. १२५६ त पॅरिस येथें आचार्यपद. ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा मुख्य ग्रंथ अपुरा असतांच त्यानें डिसेंबर १२७३ त लेखन थांबविलें व ७ मार्च १२७४ रोजीं फोस्सानोव्हाच्या मठांत तो वारला.

या ग्रंथाची रचना शास्त्राध्ययन केलेल्या वाचकास परकी वाटणार नाहीं. प्रथम प्रश्न, मग आक्षेप, मग एखादें आप्तवचन, मग ग्रंथकाराचा निर्णय व शेवटीं एकेका आक्षेपाचें निरसन, असा क्रम असतो. मीमांसेच्या अधिकरणांतील विषय, संशय, पूर्वपक्ष व सिद्धान्त यांची येथें सहज आठवण होते. ईश्वर आहे कीं नाहीं, या प्रश्नाचा आरंभही थॉमस नास्तिपक्षानेंच करतो : जगांत अनिष्ट आहे, म्हणून अनंत कल्याणरूप ईश्वर संभवत नाहीं, शिवाय निसर्ग व मानवी संकल्प एवढ्यानेंच सर्व कार्यांची उपपत्ति लागते. मात्र या सादृश्यावरून देवघेवीचें अनुमान काढणें अयुक्त होय. मीमांसक वेदवाक्य विचारास घेतो. थॉमसची पद्धति युरोपीय विद्यापीठांतील वादसभांतून आली. सादृश्य हें संबंधाचें प्रमाण नव्हे.

आतां प्रामाण्याविषयीं. जगास आरंभ आहे हें श्रद्धेनें मानावें, तर्कानें तें सिद्ध होत नाहीं, असें थॉमसचें मत होतें. ॲरिस्टॉटलला दिलेली एवढी सवलत अनेक धर्मपंडितांस रुचली नाहीं. थॉमसच्या मृत्यूस बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, ७ मार्च १२७७ रोजीं, पॅरिसचा बिशप एतिएन ताँपिए यानें २१९ विधानें निषिद्ध ठरविलीं. रोख मुख्यतः ॲरिस्टॉटलच्या अनुयायी अध्यापकांवर होता. तरी कांहीं विधानें थॉमसच्या मतांस भिडत होतीं. त्याच महिन्यांत रॉबर्ट किलवर्डबी यानें ऑक्सफर्ड येथें ३० विधानांवर बंदी घातली, आणि तो तर स्वतः डॉमिनिकन होता. १३२३ त पोप बाविसावा जॉन यानें थॉमसला संतपद दिलें. १३२५ त पॅरिसच्या बिशपनें त्याच्यापुरता निषेध मागें घेतला. १५६७ त तो ‘चर्चचा आचार्य’ ठरला आणि १८७९ त पोप तेरावा लिओ यानें त्याचें तत्त्वज्ञान कॅथलिक शिक्षणाचा पाया म्हणून पुरस्कारिलें. म्हणजे आज दिसणारें प्रामाण्य हें सहा शतकांचें बांधकाम आहे. तें तेराव्या शतकावर लादणें म्हणजे कळसावरून पायाचें वय ठरविणें होय.

एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. हट्टानें पाखंड न सोडणाऱ्यास राजसत्तेच्या हवालीं करून देहान्त व्हावा, असें हाच ग्रंथ प्रतिपादितो. पूर्वपक्षास इतकी उदार जागा देणाऱ्या ग्रंथकारानें जिवंत पूर्वपक्ष्यास ती दिली नाहीं. त्याच्या पद्धतीचा गौरव करणाऱ्यानें हें वाक्यही वाचावें. एरवीं तो गौरव इतिहास होत नाहीं, स्तोत्र होतें.