दुसऱ्याच्या हातचें आत्मचरित्र

आत्मचरित्र ह्या वाङ्मयप्रकाराचा सारा डोलारा वाचकाच्या विश्वासावर उभा असतो. ज्यानें आयुष्य भोगलें त्यानेंच तें लिहिलें आहे, अशा समजुतीनें आपण तें पुस्तक हातीं घेतों. धंदेवाईक खेळाडूंच्या आत्मचरित्रांविषयीं ही समजूत बहुधा खोटी ठरते. खेळाडू बोलतो, एखादा वृत्तपत्रकार तें उतरून घेतो, आणि हंगाम संपला कीं पुस्तकही रद्दींत जातें. त्याची वाङ्मयीन परीक्षा करण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

स्वीडनचा विख्यात फुटबॉल-खेळाडू झ्लाटन इब्राहिमोविच ह्याचें ‘मी झ्लाटन’ हें आत्मचरित्र मात्र ह्याला अपवाद आहे. तें २०११ सालीं प्रसिद्ध झालें, २०१२ मध्यें स्वीडनमधील ऑगस्ट पारितोषिकाच्या यादींत आलें, आणि २०१३ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें. लेखनाची बाजू डेव्हिड लागेरक्रान्त्स ह्यांनीं सांभाळली आहे. हे गृहस्थ कादंबरीकार. गणिती ॲलन ट्युरिंग ह्याच्या मृत्यूभोंवतीं गुंफलेली त्यांची कादंबरी त्यापूर्वींच प्रसिद्ध झाली होती. पुढें २०१५ सालीं एका साहित्योत्सवांत त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं, ह्या पुस्तकांत खेळाडूच्या तोंडचें अक्षरशः घेतलेलें वाक्य जवळजवळ नाहींच. त्याच्या वाणीचा आभास निर्माण करण्याचा आपला प्रयत्न होता. तेव्हां प्रश्न उभा राहतो तो असा : ह्या पुस्तकांतला ‘मी’ कोणाचा? खेळाडूचा, कीं कादंबरीकाराचा?

उत्तर देण्यापूर्वीं पुस्तकाचें बलस्थान पाहिलें पाहिजे. आणि तें पूर्वार्धांत आहे. झ्लाटनचा जन्म १९८१ मध्यें माल्मो शहरीं झाला. बाप बोस्नियाचा, आई क्रोएशियाची. दोघेंही तत्कालीन युगोस्लाव्हियांतून आलेलीं. मुलगा लहान असतांनाच त्यांची फारकत झाली. रोसेन्गोर्द ह्या परदेशीयांच्या वस्तींत आई साफसफाईचीं कामें करून मुलांना वाढवीत होती. पुढें मुलगा बापाकडे राहावयास गेला. बापाच्या घरचा फ्रिज उघडावा तों आंत बियरचे डबे, खावयास कांहीं नाहीं. दारिद्र्याच्या वर्णनांत आपल्याकडील लेखकांची लेखणी फार लवकर ओली होते. येथें अश्रु नाहींत. फ्रिज उघडतो आणि पुन्हा बंद होतो, इतकेंच. पण तेवढ्यावरून ती भूक वाचकाला कळते.

पलंगाचा प्रसंगही असाच आहे. बाप मुलासाठीं दुकानांतून नवा पलंग घेतो. तो घरपोंच करून घेण्याइतके पैसे मात्र जवळ नाहींत. मग दोघे तो उचलून रस्त्यानें घरापर्यंत चालत येतात. पितृप्रेमावर लेखकानें एक शब्दही खर्च केलेला नाहीं. ह्याच बापाचें गांव बियेलिना. १९९२ मध्यें तेथें मुसलमानांची कत्तल झाली. मुलाला त्याची धड कल्पना कोणी देत नाहीं. बाप दारू घेऊन मायदेशचीं गाणीं ऐकत बसलेला त्याला दिसतो. मुलाला जेवढें दिसलें तेवढेंच सांगण्याचा हा संयम कसलेल्या कथाकाराचा आहे, ह्यांत शंका नाहीं.

पुढें खेळाचा भाग येतो. वस्तींतील आवारांत शिकलेल्या चेंडूच्या करामती घेऊन हा मुलगा माल्मोच्या मोठ्या क्लबांत शिरतो. तेथील सुखवस्तु मुलांत तो उपरा ठरतो. एका सोबत्याशीं मारामारी झाल्यावर त्याला काढून टाकावें म्हणून पालकांमध्यें सह्यांचा अर्जही फिरतो. १९९९ सालीं तो पहिल्या संघांत आला, आणि त्याच वर्षीं संघ वरच्या श्रेणींतून खालीं घसरला. पुढच्या वर्षीं संघ परत वर चढला. त्या मोसमांत ह्याचे गोल बारा. २००१ मध्यें ॲम्स्टरडॅमच्या अयाक्स क्लबनें साडेआठ कोटी क्रोनर मोजून त्याला नेलें. ह्या व्यवहारांत आपण फसलों, ही भावना त्याच्या मनांत कायमची रुतली.

माझ्या मतें पुस्तकाचा खरा विषय येथूनच सुरू होतो. धंदेवाईक खेळाडूला चेंडूबरोबर स्वतःची किंमतही ओळखावी लागते, आणि तें शिक्षण कोणत्याही मैदानावर मिळत नाहीं. ह्या दृष्टीनें मिनो रायोला ह्या दलालाच्या पहिल्या भेटीचें प्रकरण वाचण्यासारखें आहे. खेळाडू महागडें जाकीट व सोन्याचें घड्याळ घालून ऐटींत येतो. दलाल साध्या कपड्यांत येतो, आणि नामांकित आघाडीवाल्यांच्या गोलांचे आंकडे छापलेला कागद पुढें करतो. त्यांत झ्लाटनचा आंकडा सर्वांत लहान! गर्विष्ठ तरुणाला आरसा दाखविणारा मनुष्य त्याला आवडतो, ह्यांत त्याच्या स्वभावाचा जो उलगडा होतो तो दहा पानांच्या आत्मस्तुतीनें झाला नसता. २००४ मध्यें तो इटलींतील युव्हेंटस क्लबांत गेला, त्यामागें हाच दलाल होता.

आतां दोष. पुस्तकाचा आरंभच बार्सिलोना क्लब आणि तेथील शिक्षक ग्वार्दिओला ह्यांच्यावरील रोषानें होतो. २००९ मध्यें झ्लाटन तेथें गेला आणि वर्षभरांतच बाहेर पडला. आपल्याला समजून घेतलें गेलें नाहीं, शिक्षक तोंड चुकवीत राहिला, ही त्याची तक्रार. ती खरी असेलही. परंतु त्या मोसमांत त्यानें साखळी स्पर्धेंत १६ गोल केले, आणि क्लबनेंही ती स्पर्धा जिंकली; म्हणजे दोन्ही पक्षांचें अगदींच बिघडलें होतें असें नव्हे. प्रतिपक्षाचें म्हणणें वाचकाला कोठेंही ऐकूं येत नाहीं. बालपणाच्या प्रकरणांतला संयम येथें पार सुटला आहे, आणि ‘मी त्यांना दाखवून दिलें’ ह्या पालुपदानें उत्तरार्ध कंटाळवाणा होतो.

येथेंच मूळ प्रश्नाचें उत्तर सांपडतें. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, एवढ्यानें आत्मचरित्र खोटें ठरत नाहीं. हंसा वाडकर ह्यांनीं सांगितलेलें व अरुण साधू ह्यांनीं शब्दबद्ध केलेलें ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) मराठी वाचकांनीं बाईंचेंच म्हणून स्वीकारलें, आणि तें योग्यच झालें. तीस वर्षांपूर्वींचे शब्द स्वतः लिहिणाऱ्यालाही जसेच्या तसे कोठें आठवतात? फ्रिजची भूक किंवा पलंगाचें ओझें सांगतांना कादंबरीकारानें आपले शब्द उसने दिले, तर त्यांत कोणाचें नुकसान नाहीं; उलट अनुभव अधिक स्पष्ट झाला. पण हयात असलेल्या दुसऱ्या माणसावर दोषारोप करावयाचा असेल तेव्हां ‘मी’ हा साक्षीदार असतो, आणि साक्षीदाराचे शब्द दुसऱ्यानें रचून चालत नाहींत. स्वतःच्या दुःखापुरती कल्पनेला मोकळीक. दुसऱ्याच्या अपराधाला मात्र पुरावा हवा. ही मर्यादा लागेरक्रान्त्स ह्यांनीं पाळलेली नाहीं, आणि पुस्तक दुभंगतें तें नेमकें तेथेंच.

ह्या खेळाडूनें २०२३ मध्यें मैदानाचा निरोप घेतला. त्याच्या गोलांची मोजदाद करणारे पुष्कळ आहेत. ती आतां दप्तरांत सुरक्षित आहे. त्याच्या पुस्तकांतलें काय टिकेल, असें विचाराल तर बार्सिलोनाचें भांडण टिकणार नाहीं. ज्या मुलांविषयीं शाळा आणि शेजारी ‘हा वायां गेला’ एवढेंच बोलतात, त्यांपैकीं एकाचें घर आंतून कसें दिसतें, हें सांगणारीं पहिलीं शंभर पानें टिकतील. आपल्या सुशिक्षित घरांतून खेळाला अजून ‘उनाडपणा’ म्हणण्याची रीत आहे. तीं पानें वडील मंडळींनीं अवश्य वाचावींत. मुलें तीं आपण होऊन वाचतीलच.